दारातला बर्फ कोणाचा? सिॲटलच्या फुटपाथवर ओतलेल्या पाच बादल्यांची गोष्ट

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांचे हेडफोन नेमके घरी राहिले, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे तो लिहून काढलाय. बोलताना येणारे ‘अं’ आणि ‘म्हणजे बघा’ बरेचसे गाळलेत. काही राहिले असतील तर सांभाळून घ्या.

आजचा प्रश्न साधा आहे. तुमच्या घरासमोर सार्वजनिक फुटपाथ आहे. त्यावर बर्फ पडला. त्यावरून कोणीतरी घसरलं आणि हाड मोडलं. जबाबदार कोण? शहराची पालिका, घरमालक, भाडेकरू, की घसरणारा माणूस स्वतः?

तुम्ही म्हणाल, आम्ही साताऱ्यात राहतो, आमचा बर्फाशी संबंध उसाच्या रसापुरता. मान्य. पण आपल्या ऐकणाऱ्यांत एमएसला निघालेले, ऑनसाइट गेलेले, व्हँकुव्हरला पीआर घेऊन स्थायिक झालेले बरेच जण आहेत. आणि हा विषय मला पुस्तकातून सुचलेला नाही. मी स्वतः यात अडकलो होतो, आणि माझ्यामुळे एका बाईंचं मनगट मोडलं होतं. आज शांतपणे सांगता येतंय. तेव्हा आठवडाभर झोप नव्हती.

तर झालं असं

२०१९ चा फेब्रुवारी. बीटेक होऊन दीड-दोन वर्षं झालेली, पुण्याहून ऑनसाइट म्हणून सिॲटलला आलो होतो. आम्ही तिघे मिळून उतारावरचं एक छोटं घर भाड्याने घेतलं होतं. समोर दोन पायऱ्या, मग फुटपाथ, मग रस्ता.

सिॲटल म्हणजे पावसाचं गाव. आपल्यासारखा धो धो नाही, पण महिनोन्‌महिने रिपरिप. बर्फ तिथे वर्षाकाठी सरासरी पंधरा सेंटिमीटर पडतो, आणि एखाद्या वर्षी जवळजवळ नाहीच. त्या फेब्रुवारीत मात्र सिॲटल-टकोमा विमानतळावर एका महिन्यात २०.२ इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर बर्फाची नोंद झाली. जानेवारी १९६९ नंतरचा हा सगळ्यात बर्फाळ महिना. शाळा बंद, बसचे मार्ग बदललेले, दुकानातली भाजीची मांडणी रिकामी. आणि फावडी? ती पहिल्याच दिवशी संपली. मीठही संपलं.

शुक्रवारी ८ तारखेला दुपारी बर्फ सुरू झाला. शनिवारी सकाळी दारात वीतभर थर. आम्ही तिघे मराठी पोरं आधी बाहेर पडलो, फोटो काढले, एकमेकांवर गोळे फेकले. दुपारी एकाला आठवलं की भाडेकरारात एक ओळ आहे: घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ भाडेकरूंनी काढायचा. सही करताना आम्ही ती वाचून हसलो होतो.

फावडं नव्हतं. मग केक भाजायचा पत्र्याचा ट्रे, एक सुपली आणि एक पुठ्ठा घेऊन कामाला लागलो. वरचा भुसभुशीत थर निघाला. पण ये-जा करणाऱ्यांच्या पायांखाली दबलेला खालचा थर काँक्रीटला चिकटून बसला होता. सुपलीने तो निघेना.

तेवढ्यात घरून व्हिडिओ कॉल आला. आईने बघितलं आणि म्हणाली, “अरे, गरम पाणी ओत की! एवढं शिकलास आणि ट्रेने काय खरवडतोयस?”

लॉजिक बरोबर वाटलं. नळाला कडकडीत पाणी येत होतं. आम्ही पाच बादल्या ओतल्या. बर्फ विरघळला, काळं ओलं काँक्रीट दिसायला लागलं. अख्ख्या गल्लीत आमच्याइतका स्वच्छ फुटपाथ कोणाचा नव्हता. मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. आत्याने अंगठा दिला.

रात्री पारा शून्याच्या खाली गेला.

रविवारी सकाळी मी चहा गाळत होतो. बाहेर धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ कुत्रं भुंकायला लागलं. शेजारच्या बाई, वय साठीच्या आसपास, निवृत्त शिक्षिका, कुत्र्याला फिरवायला निघाल्या होत्या. आमच्या घरासमोर आल्या आणि पडल्या. पडताना त्यांनी हात टेकला. मनगट वेडंवाकडं झालेलं मला लांबूनही दिसत होतं.

मी धावत गेलो आणि स्वतःही घसरलो. तेव्हा कळलं की ते ‘ओलं काँक्रीट’ म्हणजे काचेसारखा पातळ, पारदर्शक बर्फ होता.

मराठीत दोन्ही बर्फच, पण

आपण आकाशातून पडतो त्यालाही बर्फ म्हणतो आणि रसाच्या ग्लासात टाकतो त्यालाही बर्फच. इंग्रजीत स्नो आणि आइस असे दोन शब्द आहेत, आणि या विषयात तो फरक हाडं मोडणारा आहे.

स्नो म्हणजे भुसभुशीत, हवेने भरलेला. त्यात पाय रुततो, तोल सांभाळता येतो, आणि मुख्य म्हणजे तो डोळ्यांना दिसतो. आइस म्हणजे घट्ट, गुळगुळीत. त्याचा पातळ थर काळ्या रस्त्यावर असला की आरपार रस्ताच दिसतो, म्हणून त्याला ब्लॅक आइस म्हणतात.

आता गंमत बघा. खूप थंड शहरात बर्फ पडतो तो बहुतेक वेळा तसाच कोरडा राहतो, कारण पारा आठवडेच्या आठवडे शून्याच्या खाली असतो. सिॲटल, पोर्टलंड, व्हँकुव्हर, लंडन अशा सौम्य हवेच्या शहरांत पारा शून्याच्या वर-खाली नाचत राहतो. दुपारी दोन-तीन अंश वर, तेव्हा बर्फ वितळतो. रात्री दोन-तीन अंश खाली, तेव्हा तेच पाणी गोठतं. म्हणजे निसर्गच रोज रात्री स्नोचा आइस करून ठेवतो. शिवाय इथला बर्फ ओलसर असतो, पायाखाली लगेच दबतो आणि दबला की आइसच्या जवळ जातो.

त्यात लोकांना सवय नाही. घरात फावडं नाही, बुटांना पकड नाही, आणि चढ-उताराचे रस्ते. म्हणून वर्षातून चार दिवस पडणारा बर्फ अशा गावाला जास्त आडवा करतो.

गरम पाण्याचा हिशोब

आता आईच्या सल्ल्याकडे. तिची चूक नाही, तिने फ्रिजमधला बर्फ पाहिलाय. चूक माझी. बीटेकला थर्मोडायनॅमिक्स होता आणि मी त्यात पासही झालो होतो.

एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल ऊर्जा लागते. ६० अंशांचं एक किलो पाणी शून्यापर्यंत थंड होताना साधारण २५० किलोज्यूल देतं. म्हणजे दहा लिटरची एक बादली जास्तीत जास्त साडेसात किलो बर्फ वितळवते, तेही उष्णता जराही वाया गेली नाही तर.

आता फुटपाथवर बर्फ किती होता? बारा मीटर लांब, दीड मीटर रुंद, म्हणजे १८ चौरस मीटर. त्यावर २० सेंटिमीटर थर, म्हणजे ३.६ घनमीटर. ओलसर ताज्या बर्फाचं वजन घनमीटरला १५० किलो धरलं तरी ५४० किलो होतात. अर्ध्या टनाहून जास्त! एवढा बर्फ पाण्याने वितळवायचा तर सत्तरेक बादल्या लागतील. आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्येक बादलीसोबत तुम्ही फुटपाथवर दहा लिटर नवं पाणी ओतता, जे रात्री गोठणारच आहे. आम्ही पाच बादल्यांत पन्नास लिटर ओतलं होतं. शेजारच्या बाई त्याच पन्नास लिटरवरून घसरल्या.

मीठ वेगळं काम करतं. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. पाण्यात सुमारे २३ टक्के मीठ असेल तर ते उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. प्रत्यक्षात साधं जाडं मीठ उणे नऊ-दहा अंशांच्या खाली फारच हळू काम करतं, पण सिॲटलसारख्या ठिकाणी उणे दोन-तीनला ते उत्तम चालतं. फक्त ते वीतभर बर्फावर टाकून उपयोग नाही. आधी बर्फ काढायचा, मग उरलेल्या पातळ थरासाठी थोडं मीठ.

‘थोडं’ हा शब्द महत्त्वाचा. हे मीठ शेवटी ओढ्यांत आणि समुद्राच्या खाडीत जातं, जिथे सामन मासे वाढतात. सिॲटल शहराने याच कारणासाठी २००८ च्या डिसेंबरातल्या मोठ्या बर्फात रस्त्यांवर मीठ टाकायला नकार दिला होता. रस्ते दिवसेंदिवस बर्फाने भरलेले राहिले, लोक भडकले, आणि धोरण बदलावं लागलं. पुढच्या वर्षी महापौर ग्रेग निकल्स प्राथमिक फेरीतच हरले. त्यांच्या पराभवाच्या कारणांत तो बर्फही धरला जातो. चार दिवसांचा बर्फ खुर्ची घालवू शकतो.

फुटपाथ शहराचा, फावडं तुमचं

बाईंचे यजमान त्यांना गाडीने दवाखान्यात घेऊन गेले. मनगटाला प्लास्टर बसलं. संध्याकाळी मी खिचडी घेऊन भेटायला गेलो आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, “तू मुद्दाम केलं नाहीस.” मला वाटलं, विषय संपला.

साधारण दीड महिन्याने त्या एक पत्र घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्या आरोग्य विमा कंपनीने विचारलं होतं: हा अपघात दुसऱ्या कोणाच्या चुकीमुळे झाला का? असल्यास त्याचा तपशील द्या.

हे अमेरिकेत अगदी नेहमीचं आहे. विमा कंपनी उपचाराचे पैसे भरते आणि मग बघते की हे पैसे दुसऱ्या कोणाकडून वसूल करता येतील का. म्हणजे घसरलेला माणूस तुमच्यावर खटला भरायला तयार नसला, तरी त्याची विमा कंपनी तुमच्या मागे लागू शकते. बाई म्हणाल्या, “मी खोटं लिहू शकत नाही. म्हणून आधी तुला दाखवायला आले.”

त्या रात्री मी कोड लिहिणं बाजूला ठेवलं आणि दुसरा कोड वाचायला घेतला: शहराचा. मी वकील नाही, हे आधीच सांगतो. तुमच्यावर अशी वेळ आली तर वकिलालाच विचारा. पण वाचून जे समजलं ते असं.

पहिली गोष्ट, सिॲटलमध्ये फुटपाथ सार्वजनिक असला तरी त्यावरचा स्नो आणि आइस काढण्याचं काम लगतच्या जागेवाल्याचं आहे. शहराची यंत्रं रस्ते साफ करतात, तेही मुख्य रस्ते आधी. तुमच्या दारातल्या फुटपाथवर ती येत नाहीत.

हे ऐकून मला राग आला होता. फुटपाथ शहराचा, कर आम्ही सगळे भरतो, मग काम माझं का? पण हा वाद फार जुना आहे. १८३५ साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयासमोर बॉस्टनमधलं असंच प्रकरण आलं होतं. मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी बॉस्टनचा नियम कायम ठेवला. थोडक्यात विचार असा: बर्फ झटपट काढावा लागतो, आणि झटपट काढणं त्यालाच जमतं जो तिथेच राहतो. शिवाय दारासमोरच्या फुटपाथचा फायदाही त्यालाच जास्त.

खूप बर्फ पडणाऱ्या काही शहरांनी उलटा मार्ग धरला. कॅनडातलं माँट्रियल किंवा न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर घ्या. तिथे शहरच यंत्रांनी फुटपाथ साफ करतं. हिवाळाभर ती यंत्रं चालतात, त्यामुळे खर्च अंगावर येत नाही. सिॲटलने तशी यंत्रं घेतली तर ती वर्षातले ३६० दिवस शेडमध्ये उभी राहतील. म्हणून सौम्य हवेच्या शहरांत हिशोब असा बसतो: बर्फ क्वचित, म्हणून यंत्र नको, यंत्र नको, म्हणून काम घरोघरी, आणि घरोघरी फावडं नाही, कारण बर्फ क्वचित!

एकच हवा, तीन शहरं

आता मुख्य मुद्दा. ‘बर्फ काढायची जबाबदारी माझी’ आणि ‘कोणी पडलं तर भरपाई माझी’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी ते एकच समजत होतो. बहुतेक जण समजतात.

पोर्टलंड, सिॲटल आणि व्हँकुव्हर ही तीन शहरं साधारण एका ओळीत आहेत. हवा जवळजवळ सारखी. तिन्हीकडे फुटपाथ साफ करण्याचं काम जागेवाल्याचं. पण कोणी घसरलं तर उत्तरं वेगळी येतात.

सिॲटलहून २८० किलोमीटर दक्षिणेला पोर्टलंड. तिथल्या शहर-नियमांत स्पष्ट लिहिलंय की स्नो आणि आइस काढला नाही आणि त्यामुळे कोणाला इजा झाली, तर लगतचा मालक किंवा तिथे राहणारा भरपाईला जबाबदार. म्हणजे काहीच न करणंही महागात पडू शकतं.

सिॲटल वॉशिंग्टन राज्यात. तिथे काम न केल्याबद्दल शहर तुम्हाला दंड करू शकतं. पण सार्वजनिक फुटपाथवर आकाशातून पडून आपोआप साठलेल्या बर्फावरून कोणी घसरलं, तर केवळ शेजारी जागा आहे म्हणून मालकाने भरपाई द्यायची, असं तिथली न्यायालयं सहसा मानत नाहीत. मात्र मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने स्वतःच्या कृतीने धोका तयार केला असेल, तर चित्र पालटतं. छपराच्या पन्हाळीचं पाणी फुटपाथवर सोडलं आणि ते गोठलं, हे नेहमीचं उदाहरण.

किंवा पाच बादल्या गरम पाणी.

उत्तरेला व्हँकुव्हर. तिथला नियम वेळेसकट आहे: बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत फुटपाथ साफ, आठवड्याचे सातही दिवस, रविवारची सूट नाही. न केल्यास दंड. पण भरपाईचं काय? २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या अपील न्यायालयाने शेजारच्या बर्नबी शहरातल्या एका प्रकरणात सांगितलं, की पालिकेचा नियम आहे एवढ्यावरून घरमालक पादचाऱ्याला भरपाई देणं लागत नाही. पण त्याच न्यायालयाने हेही म्हटलं, की मालकाने स्वतः धोका निर्माण केला किंवा वाढवला, तर गोष्ट वेगळी होऊ शकते.

इंग्लंडचंही सांगतो, कारण तिथेही आपले बरेच जण आहेत आणि हवाही अशीच सौम्य. तिथे घरासमोरचा फुटपाथ साफ करायला सामान्य घरमालकाला कायद्याने बांधलेलं नाही. काळजीपूर्वक साफ केला तर तुमच्यावर खटला होण्याची शक्यता कमी, असं तिथलं सरकारच सांगतं. आणि त्याच सूचनांमध्ये लिहिलंय: बर्फ वितळवायला पाणी वापरू नका, ते गोठून ब्लॅक आइस होतं. मी हे वाक्य दीड महिना उशिरा वाचलं.

म्हणजे काहीच केलं नसतं तर बरं होतं?

हा प्रश्न मला त्या रात्री सगळ्यात जास्त टोचला. आमच्या गल्लीत चार घरांनी बर्फाला हातही लावला नव्हता. त्यांच्या दारात कोणी पडलं असतं तर त्यांना फार तर शहराचा दंड. मी थंडीत दोन तास राबलो आणि भरपाईच्या कक्षेत आलो. हा कुठला न्याय?

या शंकेवर काही राज्यांनी उपाय केलाय. इलिनॉयमध्ये १९७९ पासून कायदा आहे, की घरासमोरचा फुटपाथ साफ करायचा प्रयत्न करणाऱ्या रहिवाशाला, त्याने जाणूनबुजून वाईट वागणूक केली नसेल तर, संरक्षण मिळतं. लोकांनी घाबरून फावडं खाली ठेवू नये, हा हेतू.

पण विचार करत गेलो तसा राग ओसरला. स्नो असलेला फुटपाथ बाईंना दिसला असता. त्या हळू चालल्या असत्या किंवा बाजूने गेल्या असत्या. आमच्या दारात त्यांनी पाऊल मोकळेपणाने टाकलं, कारण आम्ही तो साफ दिसेल असा करून ठेवला होता. न साफ केलेला फुटपाथ सावध तरी करतो. अर्धवट साफ केलेला फुटपाथ चालणाऱ्याला फसवतो. आमची चूक कामाला हात घालण्यात नव्हती, ते अर्ध्यावर सोडून चहा प्यायला जाण्यात होती. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल: शुक्रवारी संध्याकाळी टेस्ट न करता कोड लाइव्ह करून घरी जाणं.

आणि न साफ करणंही निर्धोक नसतंच. माझ्याच गल्लीत व्हीलचेअर वापरणारे एक गृहस्थ होते. त्या आठवड्यात ते घराबाहेर पडूच शकले नाहीत. बसस्टॉपवर जाणारे लोक फुटपाथ सोडून रस्त्याच्या मधून चालत होते आणि मागून गाड्या घसरत येत होत्या. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्यासाठी शहर रस्ता साफ करतं. ज्यांच्याकडे नाही, ते तुमच्या-माझ्या फावड्यावर अवलंबून असतात.

पुढे काय झालं

बाईंनी उत्तरात खरं तेच लिहिलं. मी माझ्या भाडेकरू विम्याच्या कंपनीला फोन केला. हा विमा मी घरमालकाने सक्ती केली म्हणून घेतला होता, महिन्याला दोन कॉफींच्या पैशांत. मला वाटायचं तो लॅपटॉप चोरीला गेला तर कामाचा. त्यात दोन गोष्टी अजून होत्या: आपल्या चुकीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईचं संरक्षण, आणि चूक कोणाची हे न ठरवता जखमी माणसाच्या उपचाराला मिळणारी छोटी रक्कम. असल्या पॉलिसीत घराला अगदी लागून असलेली वाटही धरलेली असते. म्हणजे फुटपाथ.

बाईंनी स्वतःच्या खिशातून भरलेले पैसे त्यातून निघाले. त्यांच्या विमा कंपनीकडून पुढे काही आलं नाही. पण वॉशिंग्टनमध्ये अशा दाव्याची मुदत तीन वर्षं असते. ती तीन वर्षं पत्रपेटी उघडताना माझ्या पोटात खड्डा पडायचा.

मनगट बरं झालं, पण पूर्ण पहिल्यासारखं नाही. त्या पियानो वाजवायच्या. भिंतीपलीकडून संध्याकाळी ऐकू यायचा. त्या वसंतात आला नाही. नंतर आला तेव्हा आधीपेक्षा हळू. विमा या गोष्टीची भरपाई करत नाही.

मग करायचं काय?

परदेशी निघालेल्यांनी हा भाग सेव्ह करून ठेवा.

एक, भाडेकरार वाचा. बर्फ कोणी काढायचा ही ओळ शोधा. नसेल तर घरमालकाला मेसेजवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील.

दोन, फावडं आणि जाडं मीठ ऑक्टोबरमध्येच घ्या. बर्फाच्या दिवशी दुकानात फक्त रिकामी फळी मिळते.

तीन, लवकर काढा, पायांखाली दबायच्या आत. ताजा बर्फ निम्म्या कष्टात निघतो. मोठ्या बर्फात दोन-तीनदा थोडा थोडा काढणं पाठीला सोपं जातं.

चार, काँक्रीट दिसेपर्यंत काढा, आणि निदान तीन फूट रुंद सलग पट्टा करा, म्हणजे व्हीलचेअर जाईल. घर कोपऱ्यावर असेल तर रस्त्याकडे उतरणारा उतारही मोकळा करा. काढलेला बर्फ तिथे किंवा गटाराच्या तोंडावर ढकलू नका. वितळलेल्या पाण्याला जायला वाट हवी, नाहीतर तेच रात्री गोठेल.

पाच, मग मीठ. चौरस मीटरला साधारण एक मोठा चमचा पुरतो. मीठ नसेल तर वाळू टाका. ती वितळवत नाही, पण पकड देते.

सहा, पाणी नको. गरम नको, गार नको, कोमट नको. पन्हाळीचं पाणी फुटपाथवर येतंय का तेही बघा.

सात, दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या बाहेर जाऊन तपासा. आमच्याकडून नेमकं हेच राहिलं होतं. मी चहाआधी पाच मिनिटं बाहेर गेलो असतो तर मीच पडलो असतो, आणि ते परवडलं असतं.

आठ, भाडेकरू विमा घ्या, आणि त्यात दुसऱ्याला झालेली इजा धरली आहे का ते वाचा.

शेवटी एक सांगतो आणि थांबतो. माझी आजी रोज पहाटे अंगण झाडून, सडा घालून, दारापुढचा रस्ताही थोडा झाडायची. तो रस्ता ग्रामपंचायतीचा होता. तिला कोणता नियम लागू नव्हता, दंडाची भीती नव्हती. दारासमोरून माणसं जातात, एवढंच कारण तिला पुरायचं. सिॲटलचा नियम वाचून मला आधी राग आला होता खरा, पण आजीला तो वाचून दाखवला असता तर तिने विचारलं असतं, “यात लिहून काय ठेवायचंय?”

आई अजूनही बर्फ पडला की फोन करते. आता ती एवढंच विचारते: “मीठ आहे ना रे घरात?”

तुमच्याकडे, म्हणजे तुम्ही जिथे कुठे आहात तिथे, दारासमोरच्या फुटपाथचा नियम काय आहे? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. तोवर सांभाळून चाला.